पेशीतला माल कोण भरतं? पुटिका आणि त्यांच्यावरचं प्रथिनांचं जाळं

आपल्या पॉडकास्टच्या या भागाचं हे शब्दांकन. एसटीत, गाडीवर किंवा गोठ्यात काम करता करता ऐकताना काही नावं कानावरून निसटली असतील, तर इथे निवांत वाचा. बोललोय तसंच ठेवलंय, फक्त अडखळलो ते गाळलंय.

आजचा विषय पेशीच्या आतल्या वाहतुकीचा. अकरावीला आपण सगळ्यांनी ईआर, गॉल्जी, लायसोसोम ही नावं पाठ केली. चित्रं काढली, मार्क मिळवले. पण एका खात्यातून दुसऱ्या खात्यात माल जातो कसा, तो नेमका कोण उचलतं, चुकीचा माल का जात नाही, हे बहुतेक वेळा राहूनच जातं. खरी गंमत तिथेच आहे. आणि नुसती गंमत नाही, कमी वयात येणाऱ्या हार्ट अटॅकशी सुद्धा याचा संबंध आहे. तिथपर्यंत पोहोचू, टप्प्याटप्प्याने.

सुरुवात दुधापासून

आपला जिल्हा, कागदोपत्री आता अहिल्यानगर आणि बोलताना अजून नगरच, म्हटलं की ऊस, कांदा आणि दूध. संगमनेर, राहाता, राहुरी, कोपरगाव, कुठेही जा, सकाळ-संध्याकाळ सेंटरवर कॅनची रांग असते. तिथे फॅट लागते, एसएनएफ लागतं, त्यावर भाव ठरतो. या एसएनएफमध्ये दुधातलं प्रथिन येतं.

आता एक साधा हिशोब करू. गाईच्या एक लिटर दुधात साधारण ३२ ते ३४ ग्रॅम प्रथिन असतं. त्यातलं जवळपास ८० टक्के केसिन. म्हणजे दिवसाला २० लिटर दूध देणारी संकरित गाय रोज सुमारे ६५० ग्रॅम प्रथिन बाहेर देते. यातलं बहुतेक सगळं कासेतल्या पेशींनी स्वतः बनवलेलं असतं. पेशीच्या आत बनवलेलं, बरं का. आणि दूध असतं पेशीच्या बाहेर.

मग ते बाहेर आलं कसं? पेशीभोवतीचं पटल हे स्निग्ध पदार्थाच्या दोन थरांचं असतं, जाडी जेमतेम ५ नॅनोमीटर. पातळ असलं तरी केसिनसारखं मोठं प्रथिन त्यातून आरपार जाऊ शकत नाही. पटलाला भोक पाडून माल बाहेर काढला, तर पेशीच मरेल.

त्यावर पेशीचा उपाय असा. पटलाचाच एक छोटा भाग फुगतो, त्यात माल भरला जातो, गळा आवळला जातो आणि एक बंद पिशवी सुटून निघते. ही पिशवी पुढच्या खात्याच्या पटलाला जाऊन चिकटते, त्यात मिसळून जाते आणि माल तिकडे पोहोचतो. पटल कुठेच फाटत नाही. या पिशवीला शास्त्रीय मराठीत पुटिका म्हणतात, इंग्रजीतून आलेला शब्द व्हेसिकल. मी आज पिशवी आणि पुटिका दोन्ही म्हणेन. आकार म्हणाल तर ६० ते १०० नॅनोमीटरच्या आसपास. आपल्या डोक्याच्या एका केसाच्या रुंदीत अशा हजारेक पिशव्या शेजारी शेजारी बसतील.

पिशवी आपोआप का होत नाही?

इथे दोन अडचणी आहेत.

पहिली अडचण आकाराची. पटल सपाट राहू पाहतं. त्याला इतक्या छोट्या गोळ्याच्या आकारात वाकवायचं तर जोर लावावा लागतो.

दुसरी अडचण निवडीची. ईआरमध्ये हजारो प्रकारची प्रथिनं एकत्र पोहत असतात. काही पुढे पाठवायची असतात. काही तिथेच कामाला असतात, ती गेली तर खातंच बंद पडेल. काही अजून नीट घडी न पडलेली, कच्ची असतात. सगळं सरसकट भरून चालत नाही.

ही दोन्ही कामं एकाच वेळी करणारी प्रथिनं म्हणजे आवरण प्रथिनं, म्हणजेच कोट प्रोटीन. ती पेशीद्रवात मोकळी फिरत असतात. वेळ आली की पटलावर बाहेरून येऊन बसतात, योग्य माल पकडतात, एकमेकांना जोडून जाळी विणतात आणि जाळी विणता विणता पटल वाकवतात. पिशवी सुटली की स्वतः उतरून जातात, पुढची पिशवी भरायला. माल निवडणं, पटल वाकवणं आणि उतरून जाणं, ही तीन कामं आज लक्षात ठेवा. या तिन्हीपैकी एकही बिघडलं की शरीरात काय होतं, त्याची उदाहरणं पुढे येतीलच.

पुढे जाणारा कोट, मागे येणारा कोट

ईआरमधून गॉल्जीकडे जाणाऱ्या पिशव्यांवर जो कोट असतो, त्याचं नाव कॉप-टू. गॉल्जीतून मागे ईआरकडे, आणि गॉल्जीच्या आतल्या आत माल फिरवणाऱ्या पिशव्यांवर कॉप-वन असतो. पेशीच्या बाहेरून माल आत घेताना, आणि गॉल्जीच्या पलीकडच्या टोकाला, तिसरा कोट असतो, क्लॅथ्रिनचा. आणखीही प्रकार आहेत, पण हे तीन मुख्य.

कॉप-टू कसा बसतो ते बघा. आधी येतं सार-वन नावाचं छोटं प्रथिन. हा एक स्विच आहे. जीटीपी नावाचा रेणू त्याला लागला की स्विच ऑन, आणि सार-वन आपली एक छोटी दांडी ईआरच्या पटलात खुपसून बसतं. मग ते सेक-२३ आणि सेक-२४ या जोडीला बोलावतं. यातलं सेक-२४ म्हणजे माल तपासणारा माणूस. जायच्या प्रथिनावर असलेली खूण ओळखून ते त्याला धरून ठेवतं. बाहेरून सेक-१३ आणि सेक-३१ येऊन पिंजरा विणतात. शुद्ध केलेल्या प्रथिनांपासून प्रयोगशाळेत तयार झालेल्या अशा सर्वात छोट्या पिंजऱ्याची व्याख्या भूमितीने करता येते: ८ त्रिकोण आणि ६ चौकोन, रुंदी ६० नॅनोमीटर.

मग सार-वनवरचा जीटीपी तुटतो, स्विच ऑफ होतो आणि कोट सैल पडतो. सेक-२३ स्वतःच हा जीटीपी तोडायला मदत करतं. म्हणजे कोट चढवतानाच तो उतरवायची तजवीज केलेली असते.

कासेतल्या पेशीत केसिन ईआरमध्ये तयार होतं, कॉप-टूच्या वाटेने गॉल्जीत जातं, तिथे त्याला फॉस्फेट लागतं, कॅल्शियम बांधलं जातं आणि केसिनचे गोळे बनतात. पुढचा प्रवास मोठ्या पिशव्यांतून, थेट दुधाच्या पोकळीपर्यंत. सेंटरवर एसएनएफ लागतं त्याच्या मागे ही एवढी भरणी आहे.

सेक हे नाव आलं स्राव या अर्थाच्या इंग्रजी शब्दावरून. १९७० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत रँडी शेकमन यांनी यीस्टमध्ये, म्हणजे ब्रेड फुगवणाऱ्या बुरशीत, असे बिघाड शोधले ज्यात पेशी प्रथिनं बनवते पण बाहेर पाठवू शकत नाही. माल आत तुंबतो. अशी २३ जनुकं त्यांना सापडली. जेम्स रॉथमन यांनी दुसऱ्या बाजूने, पेशी फोडून, परीक्षानळीत हीच वाहतूक चालू करून दाखवली आणि कॉप-वनचा शोध त्या वाटेवर लागला. २०१३ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल या दोघांना, थॉमस सुडॉफ यांच्यासोबत मिळालं.

यीस्टची गोष्ट माणसाला लागू पडते का? पडते. सार-वनचा माणसातला एक प्रकार बिघडला तर आतड्यातल्या पेशी आहारातला स्निग्ध पदार्थ शोषून घेतात, पण त्याचे रक्ताकडे पाठवायचे मोठे गोळे भरून पुढे ढकलू शकत नाहीत. बाळ दूध पितं, जुलाब होतात, वजन वाढत नाही. आजार दुर्मिळ आहे. पण यीस्टमधल्या एका स्विचचा आणि एका लहान बाळाच्या वजनाचा संबंध असा थेट लागतो.

डासाच्या अंड्यात दिसलेली जाळी

आता तिसऱ्या कोटकडे, क्लॅथ्रिनकडे. याची गोष्ट सुरू होते डासापासून. आणि डास तरी कोणता? एडिस इजिप्ती, म्हणजे आपल्याकडे डेंग्यू पसरवणारा.

१९६४ मध्ये थॉमस रॉथ आणि कीथ पोर्टर या दोन शास्त्रज्ञांनी डासाच्या मादीच्या अंडपेशी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्या. मादीने रक्त प्यायलं की अंड्यासाठी पिवळ्या बलकाचं प्रथिन लागतं, आणि अंडपेशी ते बाहेरून आत ओढून घेते. त्यांना दिसलं की रक्त प्यायल्यावर अंडपेशीच्या पृष्ठभागावर छोटे छोटे खड्डे प्रचंड वाढतात, एका अंडपेशीवर सुमारे ३ लाखांपर्यंत. प्रत्येक खड्ड्याच्या आतल्या बाजूला, म्हणजे पेशीद्रवाकडे, काटेरी ब्रशसारखं अस्तर. हेच खड्डे आत तुटून पिशव्या होतात, असं त्यांनी मांडलं. अस्तर कशाचं आहे हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं.

१९६९ मध्ये जपानच्या कानासेकी आणि कादोता यांनी गिनीपिगच्या मेंदूतल्या अशा पिशव्या बघून सांगितलं की हे अस्तर म्हणजे पिशवीभोवतीची टोपली आहे, षटकोन आणि पंचकोनांची. शेवटी १९७५-७६ मध्ये इंग्लंडमध्ये केंब्रिजला बार्बरा पिअर्स यांनी डुकराच्या मेंदूतून या पिशव्या शुद्ध केल्या, मुख्य प्रथिन वेगळं केलं आणि त्याला जाळी या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून क्लॅथ्रिन हे नाव दिलं.

तीन पायांचं प्रथिन आणि फुटबॉल

क्लॅथ्रिनचा एक नग कसा दिसतो? मध्ये गाठ आणि तिथून फुटलेले तीन वाकडे पाय. तीन मोठ्या साखळ्या, प्रत्येकीला चिकटलेली एक छोटी साखळी, एकूण सहा. असे नग एकमेकांच्या पायात पाय घालतात. जाळीच्या प्रत्येक कोपऱ्यावर एका नगाची गाठ असते आणि दोन कोपऱ्यांमधली प्रत्येक काडी चार पायांचे तुकडे एकमेकांवर बसून बनते.

घोडेगावच्या मार्केटात कांद्याची जाळीची गोणी बघितली असेल ना? तशी जाळी डोळ्यांसमोर आणा. फक्त हिचं विणकाम ताठ आहे आणि विणता विणता गोल होतं.

गोल होण्यामागे एक सुंदर नियम आहे. नुसते षटकोन जोडत गेलात तर सपाट फरशी होते, मधमाशीच्या पोळ्यासारखी. ती बंद गोळ्यात वळवायची असेल तर बरोबर १२ पंचकोन घालावेच लागतात. षटकोन किती, ते गोळा किती मोठा हवा त्यावर. जुन्या पद्धतीचा काळा-पांढरा फुटबॉल घ्या आणि मोजा: काळे पंचकोन १२, पांढरे षटकोन २०, कोपरे ६०. क्लॅथ्रिनची एक टोपली अगदी याच आकाराची असते, ६० नगांची. मेंदूतल्या छोट्या टोपल्या २८ किंवा ३६ नगांच्याही असतात. पंचकोन मात्र सगळ्यांत १२ च. माल लहान असो की मोठा, तेच नग वेगवेगळ्या मापाची टोपली विणतात.

आणखी एक गोष्ट. या पायांची एकमेकांवरची पकड एकेकटी बघितली तर कमकुवत असते. अशा पुष्कळ पकडी एकत्र आल्या की जाळी टिकते. हे का महत्त्वाचं आहे, ते उतरवायच्या वेळी कळेल.

माल कोण ओळखतं? लोहाचं उदाहरण

क्लॅथ्रिन स्वतः माल ओळखत नाही. त्याला पटल धरताही येत नाही. मधे एक दुवा लागतो, त्याला अ‍ॅडॅप्टर म्हणतात. आपल्या चार्जरचा असतो तसाच अर्थ: एका बाजूला एक जोडणी, दुसऱ्या बाजूला वेगळी. पेशीच्या बाहेरच्या पटलावर काम करणाऱ्या मुख्य अ‍ॅडॅप्टरचं नाव एपी-टू. ते एका हाताने पटल धरतं, दुसऱ्या हाताने मालाचा ग्राही, म्हणजे रिसेप्टर धरतं आणि तिसरीकडून क्लॅथ्रिनला बोलावतं.

लोहाचं बघू. आपल्याकडे हिमोग्लोबिन कमी असणं घराघरातलं आहे. खाल्लेलं लोह रक्तात मोकळं फिरत नाही. ट्रान्सफेरिन नावाचं प्रथिन एका वेळी लोहाचे दोन अणू घेऊन फिरतं. अस्थिमज्जेत लाल पेशी तयार होत असतात, त्यांच्या अंगावर ट्रान्सफेरिनचे रिसेप्टर असतात. ट्रान्सफेरिन येऊन रिसेप्टरला चिकटलं की रिसेप्टरची पेशीच्या आत असलेली शेपटी एपी-टू पकडतं. या शेपटीवर चार अमिनो आम्लांची एक छोटी खूण असते. क्लॅथ्रिनची टोपली विणली जाते, पिशवी आत येते, कोट उतरतो. पिशवीच्या आत आम्लता वाढते, लोह सुटतं आणि पेशी ते वापरते. रिकामं ट्रान्सफेरिन आणि रिसेप्टर परत पृष्ठभागावर. सगळी फेरी सुमारे १० ते १५ मिनिटांची. दुधाचा कॅन रिकामा करून परत गावात येतो ना, तसा रिसेप्टर पुन्हा पुन्हा वापरला जातो.

इथे एक स्पष्ट करतो. आपल्याकडे हिमोग्लोबिन कमी असण्याचं नेहमीचं कारण म्हणजे मुळात लोह कमी पोहोचणं किंवा रक्त जाणं. कोट बिघडणं हे कारण नव्हे. त्यामुळे हे वाचून गोळ्या बंद करू नका.

डेंग्यूचा विषाणू सुद्धा याच दाराने आत येतो. तो पेशीच्या पृष्ठभागाला चिकटतो, क्लॅथ्रिनच्या खड्ड्यात सापडतो आणि पेशी त्याला माल समजून पिशवीत आत घेते. आतली आम्लता वाढली की विषाणू पिशवीच्या पटलाशी मिसळतो आणि आपली जनुकं पेशीत सोडतो. लोह सोडवण्यासाठी केलेली सोय विषाणू स्वतःसाठी वापरतो.

एक अमिनो आम्ल चुकलं तर

आता हार्ट अटॅककडे येऊ. रक्तातलं एलडीएल, ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो, ते मुख्यतः यकृताच्या पेशी रक्तातून काढून घेतात. तेही रिसेप्टरने आणि क्लॅथ्रिनच्या पिशवीतूनच. अमेरिकेत टेक्सासमध्ये मायकल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी हे शोधलं. त्याबद्दल १९८५ चं नोबेल त्यांना मिळालं.

त्यांच्याकडच्या रुग्णांमध्ये एक कोडं होतं. काही रुग्णांच्या पेशींवर रिसेप्टरच नसायचे, मग कोलेस्टेरॉल वाढणार हे उघड होतं. पण एका रुग्णाच्या पेशींवर रिसेप्टर होते, एलडीएल त्यांना नीट चिकटत सुद्धा होतं. तरी आत जात नव्हतं. १९७७ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं की सामान्य पेशींत रिसेप्टर क्लॅथ्रिनच्या खड्ड्यांत गोळा होतात, या पेशीत ते खड्ड्यांच्या बाहेर विखुरलेले आहेत. १९८६ मध्ये कारण सापडलं. रिसेप्टर ८३९ अमिनो आम्लांचा, त्यातलं शेपटीवरचं एकच, ८०७ वं, बदललेलं. टायरोसिनच्या जागी सिस्टीन. खूण पुसली गेली, अ‍ॅडॅप्टरला पकडायला काही उरलं नाही. माल दारात उभा, गाडी दारात उभी, आणि भरणी होत नाही.

घराण्यातून येणाऱ्या या वाढीव कोलेस्टेरॉलच्या आजारात रिसेप्टर बिघडण्याचे पुष्कळ प्रकार आहेत, हा त्यातला एक. पण एकूण आजार दुर्मिळ म्हणावा असा नाही. जगभरात साधारण २५० ते ३०० माणसांत एकाला तो असतो, आई किंवा वडिलांकडून आलेला. माणूस सडपातळ असतो, शेतात राबतो, बाहेरचं खात नाही, तरी एलडीएल लहानपणापासून वाढलेलं. कळतं ते पहिल्या अटॅकला.

म्हणून हे नीट ऐका. घरात वडिलांना, चुलत्यांना, मामांना पंचावन्नच्या आत, किंवा आई, आत्या, मावशी यांना पासष्टच्या आत हृदयविकाराचा झटका आला असेल, तर तुमचं वय २२ असलं तरी एकदा लिपिड प्रोफाइल करून घ्या आणि रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा. औषधं आहेत. स्टॅटिनमुळे यकृत जास्त रिसेप्टर पृष्ठभागावर आणतं, म्हणजे जास्त एलडीएल क्लॅथ्रिनच्या वाटेने आत ओढलं जातं. आपण आत्ता शिकलो तीच यंत्रणा हे औषध कामाला लावतं.

गळा कोण कापतं? मुंबईच्या माश्या, पुण्याच्या नळ्या

टोपली विणून झाली, पिशवी गोल झाली, पण अजून ती पटलाला एका बारीक गळ्याने लटकलेली आहे. तो कापतं डायनॅमिन. हे कोटचा भाग नाही, कोटचा जोडीदार. गळ्याभोवती ते वेटोळं घालतं आणि जीटीपीची ऊर्जा वापरून आवळतं.

याची ओळख झाली फळमाशीमुळे. केळं जास्त पिकलं की भोवती घोंगावतात त्या छोट्या माश्या. १९७३ मध्ये कॅनडात अशी एक जात सापडली जी नेहमीच्या तापमानाला ठीक असायची, पण २९-३० अंशांच्या वर नेली की लुळी पडायची. थंड केली की काही मिनिटांत पुन्हा उडायची. तिला नाव दिलं शिबिरे, जपानी भाषेत बधिरपणा. आपल्या एप्रिल-मेच्या दुपारी ही माशी दिवसभर पडूनच राहिली असती!

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, टीआयएफआरमध्ये, ओबेद सिद्दिकी यांनी जीवशास्त्राचा विभाग उभा केला होता. १९७६ मध्ये त्यांनी सीमोर बेंझर यांच्यासोबत अशा तापमानाने लुळ्या पडणाऱ्या माश्यांच्या मज्जातंतूंत काय बिघडतं यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. पुढे टीआयएफआरमध्येच के. एस. कृष्णन यांनी शिबिरे माशीवर वर्षानुवर्षं काम केलं. २००१ मध्ये त्यांच्या गटाने सहकाऱ्यांसोबत दाखवलं की डायनॅमिनला लागणारा जीटीपी पुरवायला एक वेगळं एन्झाइम लागतं.

माशी लुळी का पडते? मज्जातंतूच्या टोकाला संदेशाचं रसायन पिशव्यांत भरलेलं असतं. पिशवी पटलात मिसळली की रसायन बाहेर पडतं आणि ते पटल परत आत ओढून नवी पिशवी करावी लागते. गरम केलं की शिबिरे माशीचं डायनॅमिन काम सोडतं. खड्डे तयार होतात, गळे कापले जात नाहीत, पिशव्या संपतात आणि संदेश थांबतो. शिबिरे जनुक म्हणजेच डायनॅमिनचं जनुक, हे १९९१ मध्ये सिद्ध झालं.

आता पुण्यात या. नगरहून सव्वाशे-एक किलोमीटरवर पाषाणला आयसर आहे. तिथे थॉमस पुकाडिल यांच्या प्रयोगशाळेने पेशी बाजूलाच ठेवली. काचेवर स्निग्ध पटलाच्या अतिशय बारीक नळ्या तयार केल्या, त्यांत चमकणारा रंग घातला, वरून शुद्ध डायनॅमिन आणि जीटीपी सोडलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली नळ्या तुटताना प्रत्यक्ष बघितल्या. हे काम २०१५ मध्ये नेचर सेल बायोलॉजी या नियतकालिकात आलं. एखादं प्रथिन पटल खरंच कापतं का, की नुसतं जवळ असतं, हे अशा नळ्यांवर थेट तपासता येतं. २०१८ मध्ये पुकाडिल यांना शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला.

हे मुद्दाम सांगतोय. बीएस्सी करणाऱ्यांना वाटतं की असलं संशोधन परदेशातच होतं. पाषाणला जाऊन बघता येतं. आयसरला बारावीनंतर प्रवेश परीक्षा देऊन शिकायलाही जाता येतं.

कोट उतरला नाही तर?

पिशवी सुटली. आता कोट अंगावर ठेवून ती पुढच्या पटलात मिसळू शकत नाही, जाळी मधे येते. क्लॅथ्रिनची जाळी सोडवायला ऑक्झिलिन नावाचं प्रथिन आधी जाळीत शिरून बसतं आणि एचएससी-७० ला बोलावतं. ते एटीपी खर्च करून नगांच्या पकडी सोडवतं. मघाशी म्हटलं ना, प्रत्येक पकड कमकुवत आहे. म्हणूनच हे जमतं. पक्की चिकटणारी जाळी एकदाच वापरता आली असती. सुटलेले नग काही वेळात दुसरीकडे नवी टोपली विणत असतात. विणण्यापासून उतरेपर्यंतचा सगळा खेळ बहुतेक वेळा एक-दोन मिनिटांत आटोपतो.

ऑक्झिलिन बिघडलेल्या काही कुटुंबांत मुलांना लहान वयातच पार्किन्सनसारखी लक्षणं दिसतात: हालचाली मंदावणं, ताठरपणा, थरथर. मेंदूतल्या पेशी पिशव्या सतत वापरतात आणि परत बनवतात, त्यामुळे कोट अडकल्याचा फटका तिथे आधी बसतो.

तर मंडळी, आज तीन कामांपैकी प्रत्येकाचा बिघाड बघितला. निवड चुकली की एलडीएल रक्तातच राहतं. पिशवी भरून पुढे गेली नाही की बाळाच्या आतड्यात स्निग्ध पदार्थ अडकतो. कोट उतरला नाही की मेंदू अडखळतो. आणि गळा कापला नाही तर काय होतं, ते शिबिरे माशीने दाखवलं.

परीक्षेसाठी एवढं ध्यानात ठेवा: ईआर ते गॉल्जी कॉप-टू, उलट वाटेला कॉप-वन, बाहेरून आत क्लॅथ्रिन. आणि परीक्षा नसेल, तर घरातल्या मोठ्यांना एकदा विचारा, आपल्याकडे कोणाला कमी वयात अटॅक आला होता का. उत्तर हो आलं तर लिपिड प्रोफाइलचं विसरू नका.

पुढच्या भागात बघू, कोट उतरलेली पिशवी योग्य खात्याचा पत्ता कसा शोधते. तोवर प्रश्न पाठवत राहा. भेटूच!